कुंपणातले खिंडार

३ मार्च

आज तीन कोंबडे मारले. थंडी सरली की वाडीतले पहिले काम हेच, असे दादा म्हणतो. कोंबड्या अंडी घालू लागल्या की जास्तीचे नर त्यांच्या पाठी सोलून काढतात. दादाने खुराड्यात वाकून बोट दाखवले, "हा, तो, आणि कोपऱ्यातला तो शहाणा." दोन त्याने स्वतः मारले. मान धरायची, खाली ओढायची, पिळायची. ओली काटकी मोडल्यासारखा आवाज येतो. तिसरा माझ्याकडे दिला. मी पिळून टोपलीत ठेवला आणि पुन्हा पाहिले तर तो डोळे उघडून माझ्याकडे बघत होता. दादा पोट धरून हसला. "मास्तर, स्वल्पविराम दिलास का त्याला? पूर्णविराम दे!" मग त्यानेच पाय धरून त्याला ओंडक्यावर आपटले. "दया दाखवलीस की हाल वाढतात. एका दमात करायचं."

मास्तर हे तो थट्टेने म्हणतो. माझी शाळा आठवीत सुटली, पण शुद्धलेखन कधी चुकले नाही. आई-बाबांच्या मागे दादाने मला इथे आणले, जेवूखाऊ घातले, काम शिकवतो आहे. शिकलेले विसरू नये म्हणून ही वही.

पिसे वहिनींनी काढली, डाव्या हाताने. उजवे मनगट सुजले आहे. विहिरीवर पाय घसरला, म्हणाल्या. विहिरीचा काठ मी कालच काथ्याने घासला होता. शेवाळ राहिले कसे ते समजत नाही. उद्या पुन्हा घासतो.

७ मार्च

द्राक्षवेलीची छाटणी. प्रत्येक काडीवर दोन डोळे ठेवून वर तिरका काप द्यायचा. एका काडीचा दुसरा डोळा मला अशक्त वाटला म्हणून मी तीन ठेवले. दादा मागे उभा होता.

"किती सांगितलं होतं?"

"दोन."

"मग हा तिसरा कुणाच्या बापाचा?"

त्याने कात्रीची मूठ माझ्या बोटावर मारली. नख लगेच काळे पडले. वहिनी मडके घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या आणि पुन्हा चालू लागल्या. छाटणीला थोडा उशीर झाल्यामुळे वेलीच्या कापांतून पाणी गळत होते. ते थांबवता येत नाही, गळू द्यावे लागते.

नंतर दादाने स्वतः पट्टी बांधली. बांधताना रडला. "तुला मारताना मलाच जास्त लागतं रे. माझ्याशिवाय तुला आहे कोण?" हे खरे आहे. आणि नियम दोन डोळ्यांचाच होता.

जेवताना दादा उठून गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही परत शाळेत जा. वय गेलं म्हणून लाजू नका."

"मी गेलो तर दादाला मदतीला कोण?"

त्या भांडी गोळा करत म्हणाल्या, "हो, तेही खरंच."

१० मार्च

गंजीतले जुने गवत उलथले. खाली उंदरांची घरटी होती. दादाकडे दांडका, माझ्याकडे फावडे. ते चहूकडे पळाले. दादा फार चपळ आहे, एकही वार फुकट जात नव्हता आणि तो प्रत्येक वाराला "घे!" म्हणत होता. मी फावड्याने दोन मारले असतील, तेही डोळे मिटून. पिल्ले गुलाबी होती, ती त्याने बुटाखाली घेतली. भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत रक्त उडाले. नंतर मी चुना लावला, दोन हात द्यावे लागले.

वहिनी दाराशी आल्या तेव्हा दादाने एक मेलेला उंदीर शेपटीने फिरवून त्यांच्या अंगावर फेकला. गंमत म्हणून. तो गळ्यापाशी लागून खाली पडला. त्या ओरडल्या नाहीत, पदराने पुसल्यासारखे करून आत गेल्या.

"आधी काय किंचाळायची!" दादा म्हणाला. "आता मजा राहिली नाही हिच्यात."

१३ मार्च

करडू हरवले होते. शोधताना खालच्या बाजूच्या कुंपणात एक खिंडार सापडले. माणूस वाकून जाईल एवढे. करडू पलीकडे बदके पाळणाऱ्या काकूंच्या अंगणात उभे होते. काकू एकट्या राहतात आणि त्यांची जीभ फार तिखट आहे. करडू परत देताना म्हणाल्या, "काय रे, तुमच्या फाटकाचं कुलूप बाहेरच्यांसाठी आहे की आतल्यांसाठी?"

मी म्हटले, चोरांसाठी. दादा बाहेर जाताना कुलूप लावतो आणि किल्ली कमरेला ठेवतो, कारण शेळ्या सुटतात.

"शेळ्या," काकू म्हणाल्या. "बरं."

त्यांच्या दोरीवर वहिनींचा हिरवा स्वेटर वाळत होता. मला तो ओळखू येतो, कारण कोपराला ठिगळ आहे. घरी येऊन विचारले तर वहिनी म्हणाल्या, जुना झाला म्हणून दिला. पण त्यांच्याकडे दुसरा स्वेटर नाही, आणि सकाळी अजून हात गारठतात. माणसाने एवढेही भोळे असू नये.

खिंडार बुजवायला हवे असे मी म्हणालो. त्या पटकन म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊजी. तुमचं बोट अजून दुखतंय. आणि ह्यांना कशाला सांगताय, उगाच चिडतील, तुमच्यावरच."

माझी एवढी काळजी आजवर कुणी केलेली नाही.

१५ मार्च

बोट दुखत असूनही खिंडार बुजवले. दादाला न सांगता, वहिनींना न सांगता. दोघांना आपोआप कळेल.

नुसत्या काट्याच्या फांद्या टाकल्या तर वाऱ्याने सरकतात. म्हणून मी आधी चार खुंट ठोकले. मग फांद्यांचे बुंधे आपल्या बाजूला आणि शेंडे पलीकडे असे आडवे विणत गेलो, प्रत्येक थर टोकाला दोन फाटे असलेल्या काठीने खाली दाबला आणि शेवटी तारेने जखडले. आता त्यातून मांजरसुद्धा जाणार नाही. हात सोलले, पण असे काम माझ्याकडून पूर्वी झालेले नाही.

काकू पलीकडून बघत होत्या. मग म्हणाल्या, "कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची रे बाबा?" आणि बदके हाकत निघून गेल्या. म्हण मला माहीत आहे. इथे ती कशी लागू पडते ते कळले नाही.

१८ मार्च

क्रमाने लिहितो.

दादा सकाळी बियाणे आणायला गेला. फाटकाला कुलूप होते. मी वरच्या वाफ्यांत कांद्याची रोपे लावत होतो. खालून बदकांचा कलकलाट ऐकू आला म्हणून गेलो. वहिनी कुंपणात अडकल्या होत्या. डोके आणि एक खांदा फांद्यांत शिरला होता, केस तारेत गुंतले होते, गालावरून रक्त वाहत होते. पलीकडून काकू फांद्या उपटायला बघत होत्या आणि मला शिव्या देत होत्या.

मला वाटले, कोंबडी अडकली असेल, ती काढायला गेल्या असतील.

"थांबा, मी काढतो," मी म्हटले आणि त्यांना कमरेला धरून मागे ओढू लागलो. बुंधे आपल्या बाजूला असल्यामुळे मागे येणे सोपे होते.

"तिकडे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तिकडे ढकला. तिकडे."

"तिकडे शेंडे आहेत, जास्त लागेल," मी म्हटले. आणि ओढून काढले. आपल्या बाजूला.

तेवढ्यात फाटक वाजले. दुकान बंद होते म्हणून दादा अर्ध्या वाटेवरून परतला होता. त्याने वहिनींकडे पाहिले, पायाशी पडलेल्या गाठोड्याकडे पाहिले. गाठोडे मी तोपर्यंत पाहिलेच नव्हते.

तो ओरडला नाही. केस धरून त्याने त्यांना गोठ्यापर्यंत ओढत नेले. रांगेतली सगळी कोथिंबीर मोडली. फावड्याचा दांडा घेतला. पहिल्या वाराला वहिनींनी हात वर केला, तेव्हा खांद्याजवळचे हाड मोडले. तो आवाज मला ओळखू आला. मग त्या आडव्या झाल्या तरी तो मारतच राहिला, पाठीवर, मांड्यांवर, संथपणे, जमीन धोपटावी तसा. मी "दादा" म्हणालो. एकदाच म्हणालो. माझ्या हातात अजून रोपांची जुडी होती.

दम लागल्यावर तो थांबला. मग कुंपणाशी जाऊन माझे काम हाताने हलवून पाहिले. ते हलले नाही. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास रे मास्तर! काम म्हणजे काम. तू नसतास तर पाखरू उडालं होतं."

दादाने आजवर मला शाब्बास म्हटले नव्हते.

२० मार्च

डॉक्टर बोलावला नाही. मी दोन फळकुटे आणि पट्टी घेऊन वहिनींचा हात छातीशी बांधला. त्यांना पाणी चमच्याने द्यावे लागते.

आज त्या पहिल्यांदा बोलल्या. "मी म्हणाले होते ना, राहू द्या."

"मला वाटलं, माझ्या बोटासाठी म्हणताय."

त्या हसू लागल्या. हसताना कळ आली तरी थांबेनात. "तुमच्या बोटासाठी! अहो भाऊजी, तुमच्या बोटासाठी!" मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

काहीतरी बोलावे म्हणून मी वाडीतल्या कामांचे सांगू लागलो. कांदा लागला. वेलीचे गळणे थांबले. दादा सकाळपासून अंजिराच्या कलमासाठी गोठ्यामागे खड्डा खणतो आहे, पण तो चुकतो आहे असे मला वाटते. अंजिराला गोल खड्डा लागतो, हा त्याने लांबट घेतला आहे. आणि कलम तर अजून आणलेलेही नाही.

वहिनी वळल्या. "किती लांब?"

"माझ्याएवढा असेल."

"आणि खोल?"

"कमरेपर्यंत झालाय. अजून खणतोय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खिडकीतून कुदळीचा आवाज येत होता. एक घाव, मग माती, मग एक घाव. आणि मला कळले. त्यांनी काहीही सांगितले नाही, तरी कळले, आणि त्याबरोबर विहिरीवरचे शेवाळही कळले. मला तिथेच वांती झाली. ती पुसून काढली आणि फडके धुऊन वाळत घातले.

२४ मार्च

तीन दिवस पेन धरता आले नाही. डाव्या कानाने ऐकू येत नाही.

एकवीस तारखेला जेवण झाल्यावर दादा बाजेवर आडवा झाला. तो घोरू लागल्यावर मी खाली गेलो. तार सोडली. थर कसे विणले ते मलाच ठाऊक होते, त्यामुळे कुठली फांदी आधी ओढायची हेही मलाच ठाऊक होते. हातमोजे घ्यायला गेलो असतो तर दार वाजले असते, म्हणून नुसत्या हातांनी ओढल्या. पलीकडे काकू आल्या; सकाळीच त्यांना कुंपणावरून सांगून ठेवले होते. या वेळी शिवी दिली नाही. "टेम्पो उभा आहे," एवढेच म्हणाल्या. त्यांचे भाचे टेम्पो चालवतात.

वहिनींना मी धरून आणले. वाटेत दोनदा बसावे लागले. खिंडारातून काकूंनी ओढले, मी ढकलले. तिकडे ढकलले.

त्या अर्ध्या पलीकडे गेल्या तोच दादाचा आवाज आला, "मास्तर!"

मला पळता येते, पण मी पळालो नाही. मला मारामारी येत नाही. फक्त वस्तू घट्ट बसवता येते. वहिनींचा पाय पलीकडे जाताच मी खिंडारात बसलो, पाठ काकूंच्या बाजूला, आणि दोन्ही हातांनी दोन खुंट धरले. खुंट मीच ठोकले होते, ते पक्के होते.

"ऊठ."

"नाही."

हा शब्द मी दादाला कधी म्हटल्याचे आठवत नाही. त्याने दांडा चालवला. आधी खांदे, मग डोके. कानात शिट्टी वाजली आणि ती अजून थांबलेली नाही. त्याने मला उपटायला बघितले, बोटे एकेक करून सोडवली. एक सोडवले की मी दुसऱ्याने घट्ट धरत होतो. नखाचे बोट पुन्हा फुटले. दोन दात पडले. पाठीत काटे शिरत होते, त्यामुळे मागे पडण्याची सोय नव्हती. मग टेम्पो सुरू झाल्याचे ऐकू आले. उजव्या कानाने. तो आवाज पार जाईपर्यंत मी धरून ठेवले. पुढचे आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा दादा माझे तोंड धूत होता आणि रडत होता. "कुठे गेली? सांग. तू माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीस."

"माहीत नाही," मी म्हणालो.

२६ मार्च

कुंपणाशी काकू भेटल्या. त्यांच्या दारात दोघे भाचे कुऱ्हाडी घेऊन बसलेले असतात. लाकडे फोडायला, असे म्हणतात. लाकूड एकही फुटलेले नाही. दादा तिकडे फिरकत नाही.

"तू पण चल," काकू म्हणाल्या. "आत्ता, याच चपलांनी."

मी विचारले, वहिनी कशा आहेत?

"डॉक्टरांनी हाड बसवलंय. हलवायचं नाही म्हणतात. हाड धरलं की ती लांब जाणार आहे, पार समुद्रापलीकडे, माझ्या बहिणीकडे. तोवर कोणी शोधत गेलं नाही म्हणजे मिळवली. चौकीत जाऊन आले. म्हणे, घरचं घरात मिटवा." त्या खाकरून थुंकल्या.

दादाने कोयत्याला धार लावली आहे. छाटणी तर संपली. काल मला म्हणाला, "तिच्या ओळखीची घरं आहेत किती? बोटावर मोजण्याएवढी. वाफ्यांना पाणी सोडून झालं की निघतो. सापडेलच." पाणी सोडणे दोन दिवसांचे काम आहे. ते सोडून तो जाणार नाही. एक रांग वाळली तरी त्याला झोप येत नाही, हे मी इथे आल्यापासून पाहतो आहे.

काकूंना म्हटले, मी इथेच थांबतो.

"तुझं डोकं फिरलंय का? तो खड्डा अजून उघडाच आहे ना रे?"

"हो," मी म्हटले. "पण दादाला कामाचं माणूस लागतं."

२८ मार्च

वाफ्यांच्या वरच्या अंगाला छोटे तळे आहे. मातीच्या बांधाने पाणी अडवलेले असते आणि मोरीतून खाली सोडतात. आज पहाटे तो बांध फुटला. सगळे पाणी एकदम खाली आले. कांदा वाहून गेला, पालेभाजीचे वाफे सपाट झाले, गोठ्यामागचा खड्डा गाळाने भरला.

दादा उघड्या पायांनी धावत आला. फुटलेल्या जागी बसून त्याने हात घातला. बिळे आरपार होती. तोंडाशी लेंड्या होत्या, कुरतडलेली मुळे होती. "उंदीर," तो म्हणाला. "गंजीतले पळालेले. तरी म्हटलं, सगळे मेले कसे." मग चिखलात उभे राहून त्याने मला मारले, कारण बांधावर फेरी मारण्याचे काम माझे आहे. बरगड्यांवर मारले. मी हात वर केले नाहीत. त्याचा राग निवला की तो कामाला लागतो.

बिळे मी पहारीने पाडली. रोज पहाटे थोडी थोडी, उंदीर पाडतो तशी, वाकडी आणि आत रुंद. लेंड्या गंजीतून आणल्या. मुळे दाताने कुरतडावी लागली. पुढचे दोन नाहीत, म्हणून बाजूच्या दातांनी.

दिवसभर दोघांनी माती ओढली. तो टोपली भरून देत होता, मी बांधावर पसरत होतो. दुपारी त्याने स्वतःची अर्धी भाकरी मला दिली. "तू आहेस म्हणून," तो म्हणाला. "नाहीतर या वाडीचं काही खरं नव्हतं." त्याचा पाय चिखलातून निघेना तेव्हा मी हात दिला. तो माझा भाऊ आहे. हेही लिहून ठेवतो.

संध्याकाळी बांध पुरुषभर उंच झाला. दादा खालून ओरडला, "मास्तर, नीट तुडव! पोकळी राहिली तर चार दिवसांत पुन्हा फुटेल. हे झालं की आपण दोघं निघू तिला आणायला."

"हो दादा," मी म्हटले, आणि वरवर तुडवत राहिलो.